दोन बीट, एक पिशवी: रोज टपाल उरत असेल तर काय करावे?

प्रश्न (महिला पोस्टमन, परभणी जिल्हा)

सर्वांना नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी उपडाकघरात पोस्टमन म्हणून काम करते. नोकरीला तीन वर्षे झाली. दिवाळीनंतर आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आले नाही आणि त्यांचे बीट, म्हणजे टपाल वाटण्यासाठी ठरवून दिलेला भाग, माझ्या बीटला जोडण्यात आले. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असे तेव्हा मला सांगण्यात आले होते. आता एप्रिल संपत आला आहे.

सकाळी साडेआठच्या सुमारास बॅगा येतात. बॅगा फोडणे, बीटप्रमाणे टपाल वेगळे करणे आणि सही घेऊन द्यायच्या वस्तू मोबाइलवर स्वतःच्या नावावर चढवून घेणे यात साडेदहा वाजतात. पूर्वी अशा वस्तू ५० ते ६० असत. आता दोन्ही बीट मिळून ११० च्या खाली क्वचितच येतात. साधी पत्रे आणि बँकांच्या नोटिसा त्यात धरलेल्या नाहीत. साडेतीनला परत येऊन हिशेब द्यायचा असेल, तर माझ्या हाती ३०० मिनिटे उरतात, म्हणजे एका वस्तूला पावणेतीन मिनिटेसुद्धा येत नाहीत. एवढ्या वेळात घर शोधायचे, हाक मारायची, माणूस आतून येईपर्यंत थांबायचे, ओटीपी असेल तर तो विचारायचा, सही घ्यायची आणि पुढच्या दारापर्यंत पोहोचायचे. वरचा मजला असेल किंवा गल्लीत रेंज नसेल, तर एका दारातच दहा मिनिटे जातात.

आता जे लिहायचे आहे ते लिहायला जड जाते. मागच्या महिन्यात एका दुपारी चार वाजून गेले होते, पिशवीत १९ वस्तू शिल्लक होत्या आणि रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत जाण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते. त्यातल्या सहा वस्तूंवर मी तिकडे न जाताच 'दार बंद' असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक वयस्कर बाई खिडकीशी आल्या. बँकेकडून कार्ड निघाल्याचा संदेश त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर आला होता आणि 'दार बंद' असल्याचेही त्याने मोबाइलवरच पाहिले होते. त्या भांडल्या नाहीत. "बाई, मी दिवसभर ओसरीवर गहू निवडत बसले होते, दाराला कडीसुद्धा नव्हती," एवढेच त्या म्हणाल्या. मी कार्ड त्यांच्या हाती दिले, पण त्यांच्याकडे मान वर करून पाहता आले नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढे टपाल एका माणसाने वाटण्याची काही रीत आहे का? आणि जे वाटून होतच नाही, त्याचे प्रामाणिकपणे काय करायचे? मला काम टाळायचे नाही. पण तो शेरा पुन्हा माझ्या हातून लिहिला जाऊ नये, असे मनापासून वाटते.

उत्तर १ (निवृत्त पोस्टमन, बीड जिल्हा)

ताई, तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या असाल. मी ३४ वर्षे हे काम केले आणि त्यातली बरीच वर्षे माझ्याकडेही जोड बीट होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दोन बीट जोडले गेले की आपण बहुतेक सगळे एकच चूक करतो. आधी आपले जुने बीट सवयीच्या वाटेने पूर्ण करतो आणि मग थकलेल्या पायांनी नव्या बीटाकडे वळतो. बीटांची हद्द दोन माणसांत काम वाटण्यासाठी आखलेली असते, चालणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे. माझ्याकडे मोंढ्याच्या रस्त्याची डावी बाजू एका बीटात होती आणि उजवी दुसऱ्या बीटात. दोन्ही माझ्याकडे आल्यावरसुद्धा तीन महिने मी त्याच रस्त्याने दोनदा जात होतो, सकाळी डावीकडची दुकाने करायचो आणि दुपारी उजवीकडची. एका रविवारी पाठकोऱ्या कागदावर दोन्ही बीटांच्या गल्ल्या एकत्र काढल्या, जुनी हद्द मनातून पुसली आणि एकच वाट आखली, तेव्हा माझा रोजचा पाऊण तास वाचला. तुम्हीही असा नकाशा काढा. पहिली वाट चुकेल, आठवडाभराने ती दुरुस्त करा.

त्यानंतर सकाळी टेबलावर टपाल लावताना ते या नव्या वाटेच्या क्रमानेच लावा. साधे टपाल, सहीचे टपाल आणि पार्सले अशा तीन वेगळ्या थप्प्या घेऊन निघालात, तर प्रत्येक दारात तीनदा शोधाशोध करावी लागते. पार्सल हातात मावत नाही म्हणून मी त्याच्या जागी थप्पीत एक कोरी चिठ्ठी घालत असे; चिठ्ठी वर आली की या घरचे पार्सल गाडीवर आहे हे लक्षात येई. टेबलावर पंधरा मिनिटे जास्त लागतात खरी, पण रस्त्यावर ती भरून निघतात.

बँका, तहसील, न्यायालय, पंचायत समिती, महाविद्यालय अशा ठिकाणी एकाच दारात पंधरा-वीस वस्तू जातात. त्यांची यादी निघण्यापूर्वीच तयार ठेवा, म्हणजे आवक लिपिकासमोर बसून वस्तू मोजाव्या लागणार नाहीत. एरवी ही ठिकाणे आधी उरकली की पिशवी हलकी होते. मात्र आत्ता उन्हाळा आहे. आपल्याकडे पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी एकनंतर उघड्या माळावरच्या वस्तीत जाणे धोक्याचे असते. म्हणून एप्रिल आणि मे महिन्यांत फाटकापलीकडची वस्ती सर्वांत आधी घ्या आणि बाजारपेठ नंतर. दुकानांना सावली असते आणि ती संध्याकाळपर्यंत उघडी असतात.

एक वही करा. कोणत्या घरी किती वाजता माणूस भेटतो, कोणाचे दार मागच्या बोळातून आहे, एकाच नावाची दोन कुटुंबे कुठे राहतात, हे पेन्सिलीने लिहीत जा, कारण भाडेकरू बदलतात आणि खोडावे लागते. निवृत्त झालेल्या सहकाऱ्यांच्या डोक्यात त्यांचे बीट अजून आहे. एका संध्याकाळी त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि विचारा. ते आनंदाने सांगतील. मी निवृत्त झाल्यावर माझ्याकडे असे विचारायला कोणीच आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पिशवी गाडीला अडकवून वाड्यात जाऊ नका आणि टपाल ओळखीच्या दुकानात ठेवून पुढे जाऊ नका. घाईच्या दिवशी हे दोन मोह हमखास होतात.

आणि त्या बाईंच्या घरी एकदा जा. शेरा खोटा होता, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या. बाकीच्या पाच घरांचेही तेच.

उत्तर २ (महिला पोस्टमन, लातूर)

वरच्या काकांनी वाटेबद्दल उत्तम लिहिले आहे. मी फक्त अशा गोष्टीबद्दल लिहिते, जी पुरुष सहकाऱ्यांना सहसा सुचत नाही. ताई, तुम्ही दिवसभरात पाणी किती पिता? मी पहिली दोन वर्षे बीटवर पाणी जवळजवळ पीतच नव्हते, कारण प्यायले तर जायचे कुठे हा प्रश्न असे. परिणामी वर्षात तीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आणि तिसऱ्या वेळी तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळले. त्या आठ दिवसांत माझे बीट इतरांवर पडले, ते वेगळेच. आता मी वाट आखतानाच ठरवते की साधारण दीड तासाच्या अंतराने स्वच्छतागृह असलेली जागा यावी. बँक, सरकारी दवाखाना, मुलींचे वसतिगृह. तिथल्या बायकांना एकदा स्पष्ट सांगितले; कोणीही नाही म्हणाले नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली सोबत ठेवते. चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. मिठाचे प्रमाण वाढवू नका.

शिकवणीसाठी आलेल्या मुलामुलींच्या खोल्यांचे टपाल हा आमच्याकडचा मोठा भार आहे. पार्सलवरचा मोबाइल क्रमांक बहुधा गावाकडच्या वडिलांचा असतो, मुलीला वसतिगृहात फोन वापरायला बंदी असते आणि ओटीपी येतो तो शेतात पाणी धरणाऱ्या वडिलांकडे. म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी थांबून आधी फोन लावते. ते क्रमांक सांगेपर्यंत मी दारात पोहोचलेली असते. तुमच्याही तालुक्याला अशा अभ्यासिका असतील, तर एकेका इमारतीचे फोन एकदमच लावून पाहा.

उत्तर ३ (ग्रामीण डाक सेवक, बीड जिल्हा)

मी सहायक शाखा डाकपाल आहे. आमची नेमणूक दिवसाला चार किंवा पाच तासांच्या कामाची असते. जुलै २०१८ पासून लागू झालेल्या रचनेत चार तासांसाठी १०,००० आणि पाच तासांसाठी १२,००० रुपये हा मूळ भत्ता ठरला. माझ्याकडे तीन गावे, दोन तांडे आणि विखुरलेल्या शेतवस्त्या आहेत. काळ्या मातीचा पाणंद रस्ता पावसात चिखलाने इतका धरतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि मग पाच तासांचे सात होतात. त्यामुळे ताईंचे दुःख मला कळते, जरी माझे बीट गावातले नाही.

'दार बंद' या शेऱ्याबद्दल मात्र मला थोडे वेगळे सांगायचे आहे. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. त्या पाच महिन्यांत अर्ध्या तांड्याला खरोखरच कुलपे असतात. तीन किलोमीटर जायचे, कुलूप पाहायचे, सूचना सोडायची, सात दिवस वस्तू ठेवायची आणि परत पाठवायची, ही फेरी पूर्वी मी रोज करत असे. आता टोळी निघण्याआधी मुकादमाकडे जातो. कोण कुठल्या कारखान्यावर जाणार, मागे म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले कोणाकडे राहणार, कोणता मोबाइल चालू असेल, हे घरागणिक लिहून घेतो. ज्यांना आपले टपाल दुसऱ्या पत्त्यावर वळवून हवे असते, त्यांच्याकडून तसा लेखी अर्ज घेतो. जाण्याआधी फोन केला तर निम्मे हेलपाटे वाचतात.

शेतवस्तीवरच्या लोकांनाही मी आदल्या दिवशी कळवतो. आमच्या गावचा आठवडी बाजार मंगळवारी असतो. बाजाराला येणारी माणसे शाखा डाकघरात येऊन ओळख पटवून सही करून टपाल नेतात, आणि ती आनंदाने येतात, कारण त्यांचीही वाट पाहण्यातून सुटका होते. ज्यांना येणे जमत नाही, त्यांच्याकडे मी जातोच. अपंग आणि एकटी म्हातारी माणसे यांना कधीही बोलावू नये, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

उत्तर ४ (उपडाकपाल, नांदेड जिल्हा)

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही. ते देण्याचा मी प्रयत्न करतो, कारण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो.

आपण त्या दिवशी सहा वस्तूंवर खोटा शेरा मारला, यात त्या सहा घरांचे नुकसान झाले हे खरेच आहे. पण त्याहून मोठे नुकसान कुठे झाले, तेही पाहा. संगणकावर त्या दिवसाची नोंद अशी उमटली की, ११० वस्तू बटवड्यासाठी निघाल्या, अमुक इतक्या दिल्या गेल्या आणि उरलेल्या पत्त्यावर जाऊनही देता आल्या नाहीत. म्हणजे पोस्टमन सर्व ११० दारांपर्यंत पोहोचला. ही नोंद वर पाहणाऱ्या अधिकाऱ्याने काय समजावे? दोन बीट एका माणसाकडून व्यवस्थित पूर्ण होत आहेत, एवढेच तो समजेल. आपण सहा महिने ऊर फुटेस्तोवर धावून आणि उरलेल्यावर शेरे मारून रिकामी जागा भरण्याची गरजच कागदावरून पुसून टाकत आहात. जागा मागताना आणि बीटांची फेररचना करताना आकडे पाहिले जातात, घाम पाहिला जात नाही.

म्हणून सकाळी निघण्यापूर्वीच ठरवा की आज खरोखर किती दारांपर्यंत पोहोचता येईल. त्यापलीकडच्या वस्तू स्वतःच्या नावावर चढवून घेऊ नका. कोणत्या वस्तीचे टपाल आज निघू शकत नाही, ते आपल्या डाकपालांना तिथेच सांगा आणि ते डाकघरात शिल्लक म्हणून राहू द्या. उद्या तीच वस्ती आधी घ्या, म्हणजे एकाच वस्तीवर रोज अन्याय होणार नाही. सुरुवातीला डाकपाल नाराज होतील. संध्याकाळी शिल्लक शून्य दिसावी यासाठी आम्हालाही वरून विचारणा होते आणि आम्ही तोच ताण पोस्टमनवर ढकलतो. मीही तो ढकलला आहे. एका पोस्टमनने माझ्यासमोर शांतपणे २३ वस्तू ठेवल्या आणि "साहेब, या आज मी नेल्या तर खोटे लिहावे लागेल," असे सांगितले, त्या दिवशी मी प्रथमच वरिष्ठांना लेखी कळवले.

यासोबत सलग पंधरा दिवस एक साधा तक्ता ठेवा. त्यात आलेल्या वस्तू, नेलेल्या, दिलेल्या, खरोखर कुलूप असलेली घरे, डाकघरात शिल्लक राहिलेल्या वस्तू, निघण्याची आणि परतण्याची वेळ आणि गाडीचे किलोमीटर एवढे रकाने पुरेत. पंधरा दिवसांनी तो अर्जाला जोडून डाकपालांमार्फत उपविभागाच्या डाक निरीक्षकांकडे पाठवा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात 'फार त्रास होतो' असे लिहू नका. जवळच्या शाखेतील डाक सेवकाची तात्पुरती मदत द्यावी, किंवा अमुक वस्ती अमुक बीटाला जोडावी, अशी नेमकी मागणी लिहा. कर्मचारी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनाही एक प्रत द्या. मेल ओव्हरसियर, म्हणजे बटवड्याची तपासणी करणारे कर्मचारी, भेटीला आले तर त्यांना चहा पाजून परत पाठवू नका, सोबत फाटकापलीकडे न्या.

एक तांत्रिक मुद्दा आपला वेळ वाचवू शकेल. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तेव्हापासून अनेक सहकारी सगळ्याच वस्तू पूर्वीच्या रजिस्ट्रीप्रमाणे त्या विशिष्ट व्यक्तीच्याच हाती द्यायला पाहतात. ज्या स्पीड पोस्टवर नोंदणीची जादा सेवा घेतलेली आहे, ती पत्त्यावरील व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसालाच द्यावी लागते. ज्यावर ती घेतलेली नाही आणि ओटीपीचीही अट नाही, ती त्या पत्त्यावर राहणाऱ्या कुटुंबातील जबाबदार माणसाची सही घेऊन देता येते. सकाळी लावतानाच नोंदणीच्या वस्तूंवर पेन्सिलीने खूण करा, म्हणजे मालक शेतात आहे म्हणून घरी बसलेल्या मालकिणीला परत फिरवावे लागणार नाही.

विचारणारीचे उत्तर (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, कारण तक्त्याचे पंधरा दिवस पूर्ण व्हायचे होते.

नकाशा काढला. आमच्याकडेही वेशीजवळची एक गल्ली दोन बीटांत विभागलेली निघाली आणि मी तिथून दिवसातून दोनदा जात होते. निवृत्त सहकाऱ्यांकडे दोन संध्याकाळी बसले. त्यांनी माझ्या वहीची नऊ पाने भरवली. आता फाटकापलीकडची वस्ती मी अकराच्या आत पूर्ण करते. रोजच्या ११० पैकी ८० ते ८५ वस्तूंपर्यंत मी पोहोचते, हे तक्त्यावरून कळले. त्याहून जास्त नाही, कितीही पळाले तरी.

पहिल्या दिवशी २७ वस्तू डाकघरात ठेवल्या, तेव्हा डाकपाल बराच वेळ काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच शिल्लक वस्तूंचे आकडे माझ्या तक्त्यावर तपासून सही केली. अर्ज परवा गेला, पोच मिळाली आहे. जागा भरण्याबद्दल अजून काही कळलेले नाही, पण जवळच्या शाखेतील एक डाक सेवक सोमवारी आणि गुरुवारी दोन तास येऊ लागले आहेत, आणि त्या दोन दिवशी शिल्लक दहाच्या आत असते.

पाण्याचेही ठरवले. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरांशी बोलले, त्यांनी लगेच होकार दिला.

पाच घरी जाऊन आले. एका घरी माझ्यावर खूप रागावले, आणि ते रास्त होते. त्यांचे पत्र महाविद्यालयाच्या शुल्काचे होते आणि मुदत एका दिवसाने हुकली होती. त्या बाईंकडे सर्वांत शेवटी गेले. त्या ओसरीवरच होत्या, या वेळी चिंच फोडत. मी शेरा खोटा असल्याचे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि विचारले, "आता तरी दोघं आहात का वाटायला?" मी म्हटले, "सोमवारी आणि गुरुवारी."